व्याह्यांच्या दुकानातलं सोल्डर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं पेठ वडगावच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि पोरं माझ्या आवाजाला जितकी टरकायची तितकी हेडमास्तरांनाही टरकत नव्हती. पण हा राग मोठ्या आवाजात काढायची सोय नाही. ज्यांच्यावर काढायचा, त्यांच्या घरात माझी मुलगी नांदते. म्हणून कागदावर काढते आहे.

निवृत्त झाल्यावर बायका देवदेव करतात, नातवंडं सांभाळतात, भिशी लावतात. मी रेडिओ उघडला. आमच्या ह्यांना नोकरी लागली तेव्हा घेतलेला जुना रेडिओ एके दिवशी मुका झाला. दुरुस्तीवाल्यानं झाकणसुद्धा न काढता सांगितलं, "बाई, भंगारात घाला." असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अरे, उघडून तर बघ मेल्या! तसाच काखोटीला मारून घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच स्क्रू काढले. आत एक तपकिरी पट्टी आणि तिच्यावर चकचकीत ठिपकेच ठिपके. प्रत्येक ठिपका गोल, नितळ, शेजारच्याला न भिडणारा. इतकं सुबक काम माझ्या घरात रोज वाजत होतं आणि मी चित्रकलेची बाई असून कधी बघितलं नव्हतं. लाज वाटली मला.

तिथनं खूळ लागलं. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, वहीत उतरवायचं. सुट्टे भाग घेऊन आपला आपण छोटा रेडिओ जोडता येतो हे कळलं, तेव्हा तर झोप उडाली माझी. पण त्यातलं कुठलंही काम करायचं तर सोल्डरिंग यायला पाहिजे. म्हणजे कथील आणि शिसं मिसळलेली तार तापलेल्या टोकानं वितळवून तांब्याच्या पट्टीवर जोड बसवायचा. तो जोड बसला तर यंत्र बोलतं, नाही तर नाही.

त्यासाठी कुठलं यंत्र घ्यायचं, यात मी महिना घालवला. साधं सोल्डरिंग आयर्न प्लगात घातल्यापासून तापतच राहतं, त्याला बास म्हणणारं कुणी नसतं. दुसरं सोल्डरिंग स्टेशन मिळतं, त्याचं तसं नाही. त्याला आपण तापमान ठरवून देतो, आणि टोक मोठ्या पत्र्याला टेकून गार व्हायला लागलं की ते आपलं आपण जास्त उष्णता पाठवतं. टोकाला बिट म्हणतात. नवशिके सुईसारखं अणकुचीदार बिट घेतात, कारण काम बारीक दिसतं. पण चांगलं चपटं. चपट्या कुंचल्यानं जसा एका हातात रंग बसतो तसं. हे मला कुणी न सांगता पटलं. सोल्डर घ्यायचं साठ-चाळीसचं, साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं, तार बारीक, आत राळ भरलेली. बिनशिशाचंही मिळतं, पण त्याला जास्त ताप लागतो, शिकताना त्याच्या नादी लागू नये. शिशाचं वापरलं तर खिडकी उघडी ठेवायची आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. हे सगळं सुवाच्य अक्षरात एका चिठ्ठीवर उतरवलं. अक्षर माझं पहिल्यापासून छापल्यासारखं.

घ्यायचं कुठनं, हा प्रश्नच नव्हता. माझ्या मुलीच्या सासऱ्यांचं आमच्याच शहरात, शाहूपुरीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचं दुकान आहे. गारगोटीपासून वडगावपर्यंतचे मेकॅनिक तिथनं माल नेतात. लग्नानंतर वर्षभरात मुलगी काउंटरवर बसायला लागली. माल मागवणं, खराब निघालेला परत घेणं, सगळं तिच्या हाताखालनं जातं. माझा बेत तिला फोनवर सांगितला तर म्हणाली, "आई, ऑनलाइन बघ की. तिथं चांगली मिळतात."

मी खवळले. "घरचं दुकान असताना ऑनलाइन? तुझ्या सासऱ्यांना काय वाटेल?"

तिनं नातवाच्या वयाच्या शेजारच्या पोराचं काहीतरी सांगायला घेतलं.

खरं सांगायचं तर दोन दुकानं पलीकडं एकदा नुसतं बघायला जावं असं माझ्याही मनात आलं होतं. पण आमचे हे म्हणाले, "व्याह्याचं दुकान ओलांडून दुसऱ्याची पिशवी घेऊन आलीस, तर दिवे लागायच्या आत त्यांना कळंल. ऐकून कुणाला घ्यायला लागणार? पोरीला." तेही बरोबरच. आमच्याकडं पावण्याकडनं वस्तू घ्यायची तर काही गोष्टी न सांगता पाळायच्या असतात. घासाघीस करायची नाही. बिल मागायचं नाही. आणि मुख्य म्हणजे वस्तू त्यांच्यासमोर उघडून बघायची नाही. साडी असू दे, आंब्याची पेटी असू दे, उघडली म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर म्हटल्यासारखं. मुलीकडच्यांनी तर अजिबात नाही. मी हे सगळं शहाण्यासारखं पाळलं.

दुकानात गेले तेव्हा गर्दी होती. व्याही खुर्चीवरनंच ओरडले, "या या विहीणबाई! आज कुठं उजाडलं म्हणायचं!" चहा सांगितला. माझी चिठ्ठी घेतली आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचायला लागले. "ह्ये बघा, आमच्या विहीणबाई आता इंजिनेर होणार हायत! कारखाना काढताय काय वो म्हातारपणी?" सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

"चपटं बिट मिळेल ना?" मी विचारलं.

"चिठ्ठी कशाला आणलीसा? मी हाय की." त्यांनी चिठ्ठी काउंटरवर उलटी ठेवली आणि माळ्यावरनं स्टेशनचं एक खोकं काढायला लावलं. खोक्यावर धुळीचा थर होता, तो फडक्यानं पुसला. "एक नंबर माल. वर आकडा दिसतोय बघा, किती तापलंय त्यो." मग खालच्या खणातनं सोल्डरचं एक रीळ काढून खोक्यावर ठेवलं. "ह्ये घ्या. जन्मभर सरायचं न्हाय."

पिशवी भरली मुलीनं. रीळ उचलताना तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग ते पिशवीत टाकलं. सासऱ्यांच्या थट्टेनं ती ओशाळली असेल असं मला वाटलं. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि निघाले.

घरी आल्यावर खिडकीजवळ टेबल मांडलं, चष्मा पुसला, स्टेशन लावलं. आकडा चढत चढत तीनशे पन्नासवर जाऊन थांबला. सरावाची पट्टी पुढ्यात घेतली आणि पहिला जोड केला. करडा. राखेसारखा करडा आणि वरनं खरखरीत. व्हिडिओत दिसतो तसा नितळ नाही, पसरत नाही, नुसता गोळा होऊन बसलेला. नखानं ढकलला तर टुपकन निघून आला. दुसरा तसाच, दहावाही तसाच. म्हटलं, पहिलाच दिवस आहे. पोरांना तरी पहिल्या दिवशी सरळ रेघ कुठं यायची?

रोज चाळीस जोड करायचे असं ठरवलं आणि दोन आठवडे केले. बिट जास्त वेळ टेकवून बघितलं, कमी वेळ टेकवून बघितलं, तांबं घासून बघितलं. जोड करडेच. रेडिओचे भाग पाकिटातच राहिले, त्यांना हात लावायची हिंमत होईना. शेवटी सरावाची पट्टी रुमालात गुंडाळून व्याह्यांकडं गेले. तक्रार करायला नाही हां. शिकायला गेले. आपलंच काहीतरी चुकतंय, ते विचारावं म्हणून.

त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग माझ्याकडं बघितलं.

"माल चांगलाच हाय, विहीणबाई. ह्याच मालावर मेकॅनिक लोकं टीव्ही करत्यात. ह्याला हात ठाम लागतोय. दावा बघू हात."

मी काउंटरवरनं उजवा हात पुढं केला. आजूबाजूला चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. व्याह्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "थरथरतोय की वो! तरीच. आता वय झालं, चालायचंच. जमायचं न्हाय तुमास्नी ह्ये."

आणि मी बघितलं तर खरंच थरथरत होता.

माझ्या आईला साठीत कंपवात झाला. आधी नुसता कप बशीत वाजायचा. मग तिला ब्लाउजचं हूक लागेना, मग घास तोंडापर्यंत जाईना. शेवटची तीन वर्षं मी तिला भरवलं. तोंड पुसताना ती माझ्याकडं अशी बघायची की मला मान वळवायला लागायची. मी एकसष्टची आहे. कुणालाही बोलले नव्हते, पण साठी लागल्यापासून रोज सकाळी पहिला चहा मी कान देऊन पीत होते, कप वाजतोय का म्हणून. आणि त्या माणसानं भर दुकानात, चार लोकांसमोर, माझा हात बघून सांगितलं की तो थरथरतोय.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मलाच ठाऊक. हात थरथरतो का हे बघत बसलं की कुणाचाही थरथरतो, हे आज कळतंय. तेव्हा कुठलं कळायला! फळ्यावर खडूच्या एका फेऱ्यात पूर्ण गोल काढायचे मी. परकार लावून बघा म्हणायचे पोरांना. आता कागदावर गोल काढायला बसले की शेवटाला दोन टोकं जुळेनात. रोज काढायचे, रोज फाडायचे. गाडी चालवायची बंद केली. मंडईला आमच्या ह्यांच्या मागं बसून जायला लागले. हे म्हणायचे, "काय न्हाई झालेलं तुला." मी त्यांच्या अंगावर जायचे. तुम्हाला काय कळतंय, म्हणायचे. व्याही अनुभवी माणूस, रोज शंभर मेकॅनिकांचे हात बघतात, ते काय उगाच बोलतील?

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावला. मुलीला सांगितलं तर ती दुकान सोडून माझ्याबरोबर आली. दोन तास आम्ही बाकावर बसलो होतो. तिनं माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. मधेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीच तिला म्हटलं, "रडतीस कशाला? आजीला झालं तेव्हा औषधं तरी कुठं होती? आता आहेत." ती आणखीच रडली. एवढी माया करणारी पोर आहे, या विचारानं मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

डॉक्टरांनी बोट अंगठ्यावर भराभर टेकवायला लावलं, चालायला लावलं, कागदावर जिलबीसारखं वेटोळं काढायला लावलं. म्हणाले, "आज तरी तसं काही दिसत नाही. पण आईला होतं म्हणताय, तर सहा महिन्यांनी पुन्हा या." दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. मी मात्र 'आज तरी' एवढंच घेऊन घरी आले.

मग मी ते केलं, ज्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. माझे कुंचले. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून जमवलेले, कापडात गुंडाळून ठेवलेले, काही तर वीस वीस वर्षांचे आणि तरी केस न् केस जागेवर. आईचे हात गेल्यावर तिची शिलाई मशीन कोपऱ्यात उभी असायची आणि ती तिच्याकडं बघत बसायची. मला तसं बसायचं नव्हतं. एक दिवस ते बोचकं उचललं, एसटीनं वडगावला गेले आणि शाळेतल्या नव्या चित्रकलेच्या बाईंच्या हातात दिलं. त्या बिचाऱ्या माझ्या पाया पडल्या. पोरांना बोलावून, टाळ्या वाजवून सगळं झालं. मी हसत बाहेर आले.

स्टँडकडं येताना फोन चार्ज होईना म्हणून बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात शिरले. टेबलामागं माझीच जुनी विद्यार्थिनी. आता पस्तिशीची असेल, स्वतःचं दुकान, दोन लेकरांची आई. "बाई! या की, बसा, बसा." माझा फोन उघडून ती कामाला लागली. मी बघत होते. तिचं बिट टेकलं की सोल्डर पाण्यासारखं पसरायचं आणि उचललं की मागं एक नितळ ठिपका. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुझा हात चांगला आहे गं. माझा गेला." आणि सगळं सांगून टाकलं. हात, आई, डॉक्टर.

तिनं ऐकून घेतलं. मग उठली आणि मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "बाई, हितं एक जोड लावून दाखवा."

"नको गं."

"लावा तर. तुम्ही आम्हाला कधी नको म्हणू दिलंय का?"

मी लावला. नितळ, गोल, चकचकीत. मी पट्टी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. ती म्हणाली, "आणखी लावा." एकापुढं एक दहा लावले. रेडिओच्या पट्टीवर बघितले होते तसेच दहा.

"बाई," ती म्हणाली, "हात कुणाचा गेलाय? उद्या तुमचं सामान घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पहिल्या एसटीनं गेले. तिनं स्टेशन लावलं, वर आकडा तीनशे पन्नास आला, आणि तिनं बिटाला आपलं तापमापक टेकवलं. जेमतेम अडीचशे, आणि पट्टीला टेकलं की त्याच्याही खाली. वरचा आकडा नुसता दाखवायचा होता. मग माझं सोल्डर तिच्या चांगल्या स्टेशनवर घेतलं, तरी करडंच. त्यात कथील फारच कमी, शिसंच जास्त. मग तिनं रीळ उलटं करून त्यावरचं लेबल वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"ह्ये रीळ? बाई, ह्ये आम्ही सगळ्यांनी परत केलंय की. मागच्या साली ह्याच्यामुळं सगळ्यांचे जोड ड्राय, म्हंजे कच्चे निघाले. त्या दुकानातल्या काउंटरवरच्या ताईंनी एकेकाला फोन करून सांगितलं, वापरू नका, परत आणून द्या, माझ्याकडनं बदलून न्या म्हणून. लई चांगल्या हायत त्या ताई. मला तर दोनदा केला फोन. गारगोटीवाल्यांना पण केला. तुम्हाला न्हाई केला?"

मी म्हटलं, "नाही. मला नाही केला."

त्या ताई कोण, हे मी तिला सांगितलं नाही. रीळ पिशवीत टाकलं आणि उठले.

एसटीतनं उतरून थेट शाहूपुरी गाठली. मुलगी त्या वेळी वर घरात जेवायला गेली होती. व्याही एकटे होते. मी ते रीळ काउंटरवर आपटलं.

"पावणं, हे परत आलेलं रीळ होतं?"

त्यांनी रिळाकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "हळू बोला, विहीणबाई. गिऱ्हाईक येतंय."

"येऊ दे. होतं की नाही?"

"व्हय, होतं. पडून होतं. म्हटलं, छंदाला काय लागतंय? चार दिसाचं खूळ असतंय बायकांचं. चांगला माल घालून तरी काय करायचा हुता? बदलून देतो की, घ्या. त्यात काय एवढं?"

"आणि माझा हात? सगळ्यांसमोर थरथरतोय म्हणालात ते?"

त्यांना खरंच आठवेना. तोंडावर दिसत होतं. मग आठवल्यावर हसले. "त्ये व्हय! त्ये आपलं बोललो की. तुमी पट्टी घेऊन आलासा, काय तरी सांगाय पायजे का न्हाय?"

काय तरी सांगाय पायजे! त्या काय तरीनं मी गाडी सोडली, झोप सोडली, कुंचले देऊन टाकले. आईचं मरण रोज स्वतःच्या हातात बघितलं. आणि या माणसाला ते आठवायलासुद्धा वेळ लागला. त्या क्षणी शाळेतला आवाज काढला असता तर शाहूपुरी गोळा झाली असती. पण वर जिन्यावर मुलीची पावलं वाजली आणि मी आवाज गिळला. ती खाली आली, मला बघितलं, रीळ बघितलं. मी एवढंच म्हटलं, "घरी ये." आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. आमचे हे बाहेर गेले होते. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"हो."

"पिशवीत टाकतानाच ठाऊक होतं."

"हो. आई, मी तुला आधीच म्हटलं होतं ना, ऑनलाइन घे."

"अगं पण का, ते सांगायला काय झालं होतं? वडगावच्या मेकॅनिकला दोनदा फोन केलास. गारगोटीवाल्याला केलास, ज्याचं तोंड तू कधी बघितलं नसशील. आईला एक फोन नाही?"

"ते गिऱ्हाईक होते, आई. त्यांच्याशी बोलले ते दुकानाचं बोलणं. मामांना कळलं तरी मी म्हणाले असते, धंद्यासाठी केलं." सासऱ्यांना ती मामा म्हणते. "तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी रीळ घेऊन तिथं उभी राहिली असतीस. काल राहिलीस तशी. काल तू निघून आलीस. मागं मी तिथंच होते."

काल रात्री तिला काय ऐकून घ्यावं लागलं, ते तिनं सांगितलं नाही. पण मला तिचं दुखणं ऐकायचं नव्हतं, मला माझं बोलायचं होतं. मी ओरडलेच. "दवाखान्यात दोन तास माझा हात धरून बसलीस! माझा हात चांगला आहे हे तुला ठाऊक होतं, आणि तू नुसती रडत बसलीस? मी मरणाला घाबरून बसले होते गं! अशी कशी गप्प बसलीस?"

"सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं."

"मग कुणी अडवलं?"

तिनं मान वर केली. "तू."

"मी? मी कधी?"

"माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. माझ्या हातावरची मेंदी वाळत होती, आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, उद्यापासून त्या घरातलं काही या घरात आणायचं नाही. मारलं, उपाशी ठेवलं तर सांग, बाकी गिळायचं. मला माझ्या आईनं सांगितलं, मी निभावलं, तू पण निभाव. मी हो म्हटलं, तर तू माझी दृष्ट काढलीस."

बोलले होते मी. शब्दन् शब्द बोलले होते आणि बोलताना मोठा अभिमान वाटला होता. आपण पोरीला शहाणं करून पाठवतोय, कुणी नाव ठेवणार नाही, असं वाटलं होतं. आणि कुणी नाव ठेवलंही नाही. सहा वर्षांत एकदाही ती माहेरी रडत आली नाही. मी चारचौघींत सांगायचे, माझ्या पोरीचं सासर म्हणजे सोनं आहे, एक तक्रार नाही.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. राग होता तसाच होता, पण तो आता कुणाकडं तोंड करून उभा आहे ते कळत नव्हतं.

"बरं," मी म्हटलं. "चुकलं माझं. ते मी आज मागं घेते. ऐकलंस? काय असेल ते सगळं मला सांगायचं. आत्तापासून."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावलेली नव्हती. दमलेली होती, आणि इतकं दमलेलं मी तिला कधी बघितलंच नव्हतं, की बघायचं टाळलं होतं, कोण जाणे.

"सहा वर्षं झाली, आई," ती म्हणाली. "कुठनं सुरू करू?"